वारखंड्याच्या उतारावरचा चर

निळा म्हणजे पाणी, पिवळा गॅस,
नारिंगी नळीत इंटरनेट,
तांबडा दिसला तर हात मागे.
लॅमिनेट केलेला तक्ता गळ्यात अडकवून
मी साइटवर उभी, नोकरीचा एकविसावा दिवस,
हेल्मेट दर वेळी वाकलं की नाकावर.

तक्ता छापणाऱ्याने फोंडा पाहिला नसणार.
इथे पहिल्या फावड्यापासून सगळंच तांबडं:
माती तांबडी, चिरा तांबडा,
निळ्या पाइपावर, पिवळ्या पाइपावर
बोटभर जाड तांबडा लेप,
हुलगप्पाचे पाय घोट्यापर्यंत.
त्याच्या कमरेला ओलं फडकं.
टिकाव कशाला टेकला की आधी तो पुसतो,
शाळेत पाठवताना पोराचं तोंड पुसावं तसं,
मग हाक मारतो, "मॅडम, कलर बघा."

वीज त्याला तक्त्याविना कळते.
"वीट लागली की थांबायचं.
इथे घरं चिऱ्याची. वीट कोण पुरणार?
केबलवर झाकायला आणलेली ती."
गदगहून आलेला माणूस
मला माझ्याच तालुक्याची जमीन शिकवत होता.
तक्त्याच्या मागे मी पेनाने लिहून घेतलं: वीट.

अकरा वाजता, चार फुटांवर, एक काळी.
पुसली. काळीच.
पुन्हा पुसली, नखाने खरवडली. डांबर.
नकाशात त्या जागी कोरा कागद
आणि कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल.
पाणीवाले म्हणाले, आमची नाही.
टेलिफोनवाले म्हणाले, आमची असली तर बंदच असेल.
गॅसवाल्या पोराने फोटो मागवला,
फोटोला अंगठा दाखवला, मग गप्प.
जेसीबीवाला इंजिन चालूच ठेवून
विडी ओढत माझ्याकडे बघत होता.

वरच्या घरातल्या सेवरिनबायने
बाल्कांवातूनच सांगितलं, बोस्त्यांवाला बोलाव.

बोस्त्यांव आला नातवाच्या स्कूटरवर मागे बसून,
निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेला फिटर,
छत्रीसारखी धरलेली लांब लोखंडी सळी.
चरात उतरला नाही, गुडघे देत नाहीत.
सळीचं एक टोक काळ्या पाइपवर, दुसरं कानाला,
आणि आमच्याकडे बघून एक बोट ओठांवर.
जेसीबी बंद झाला.
माझ्या सांगण्याने तासाभरात झाला नव्हता.

"ओपाचें उदक," तो म्हणाला. "धांवता."

मग हुलगप्पाला म्हणाला, सांध्याकडे पूस, हळू.
सांध्याला चिकटून, डांबरात अर्धी बुडलेली
काचेची निळी बांगडी.
अख्खी. जोडण्याआधीच पाइपात ओवलेली.

"रंगाचा डबा त्या वर्षी आलाच नाही.
तीन सह्यांचा कागद केला होता.
मागून खणणाऱ्याला कळायला नको?"
बांगडी कुणाची, ते बोलला नाही.
सेवरिनबाय बाल्कांवातून आत गेली.

स्कूटरवर चढता चढता त्याला आठवलं.
अजून एक आहे. याहून खाली,
वळणाच्या अलीकडे, की पलीकडे.
तिला काय बांधलं होतं कोण जाणे.

संध्याकाळी फॉर्म भरला.
खोली: एक पूर्णांक दोन मीटर. व्यास: एक इंच.
रंग: खाली पाच चौकटी,
सहावीपुढे "इतर, तपशील द्या."
मी तपशील दिला.
साहेबांनी त्याभोवती तांबड्या शाईने गोल काढून
फॉर्म परत पाठवला.

उद्या वळणापासून खणायचं आहे.
बॅरिकेडवर हुलगप्पाचं फडकं वाळतंय,
दोनदा धुतलेलं,
तांबडंच.